पायथन का जावास्क्रिप्ट? आडतीची पट्टी आणि पावसाची नोंद लावून केलेली तुलना

बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरला आलेली मुलं हा प्रश्न विचारतातच. आता दुकानाचा हिशोब स्वतःच बसवू पाहणारे आडते आणि कृषी सेवा केंद्रवालेही विचारायला लागलेत: प्रोग्रामिंगसाठी आधी पायथन शिकू का जावास्क्रिप्ट? उत्तरं बहुतेक नोकरीच्या अंगानं मिळतात. नोकऱ्या दोन्हीत आहेत, तेव्हा तो मुद्दा इथंच सोडतो. लातूर, परभणी, हिंगोलीकडं शिकणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचा कोड वाचणारं, चूक दाखवणारं अनुभवी माणूस सहसा नसतं. मग चूक दाखवायचं काम भाषेवरच येऊन पडतं. कोणती भाषा कुठं बोलते आणि कुठं गप्प राहते, यावरून मी या दोघींना तोलतो.

दोन खेपांची बेरीज

एका शेतकऱ्यानं दोन खेपांत सोयाबीन आणलं, १२.५ क्विंटल आणि ८ क्विंटल. वजनं वेब पानावरच्या चौकटीत टाइप केली. चौकटीतून प्रोग्रामला मिळतो तो मजकूर, आकडा नाही. जावास्क्रिप्टमध्ये अधिकचं चिन्ह मजकुराला मजकूर जोडतं, म्हणून बेरीज येते १२.५८. पुढं गुणाकार आला की हीच भाषा तोच मजकूर न विचारता आकडा मानते. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तो लावला तर पट्टी निघते ६१,५४१ रुपये ३६ पैसे. खरी रक्कम २०.५ क्विंटलची, म्हणजे १,००,२८६ रुपये. शेतकऱ्याचे ३८,७४४ रुपये गेले आणि पडद्यावर एररची एक ओळ नाही. वर १२.५८ हा आकडा वजनासारखाच दिसतो, त्यामुळं नजरही अडखळत नाही.

पायथनमध्येही वापरणाऱ्यानं टाइप केलेलं मजकूर म्हणूनच येतं, आणि अधिकचं चिन्ह तिथंही दोन मजकूर जोडूनच देतं. इथवर दोघी सारख्या. फरक गुणाकाराला पडतो. भाव पूर्णांकात असेल तर पायथन तो मजकूर ४,८९२ वेळा एकापुढं एक लिहून काढतं आणि पडदा आकड्यांनी भरून जातो. भाव दशांशात असेल तर टाइपएरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची सूचना, देऊन थांबतं. काहीही झालं तरी चूक त्याच मिनिटाला कळते.

जावास्क्रिप्ट अशी का आहे, याला कारण आहे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत तिचा पहिला नमुना १० दिवसांत उभा केला. प्रोग्रामर नसलेल्या माणसांनाही पानावर चार ओळी लिहिता याव्यात, हा त्यामागचा हेतू होता. अशा भाषेनं शक्यतो सांभाळून घ्यायचं, हा निर्णय त्या कामाला रास्त होता. पैशाच्या हिशोबाला तो घातक आहे. चौकटीतला मजकूर आत घेतानाच नंबर या फंक्शननं, म्हणजे तयार आज्ञेनं, आकड्यात बदलायचा आणि तुलनेला दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी तीन वापरायची, या दोन सवयी पहिल्याच आठवड्यात लावून घ्याव्या लागतात. २०१२ पासून टाइपस्क्रिप्ट आहे, प्रकार तपासणारी जावास्क्रिप्टच म्हणा. त्यात कोडमध्ये मजकूर आणि आकडा एकत्र झाले तर कोड चालवण्याआधीच बरेचदा कळतं. जावास्क्रिप्टच घ्यायची ठरली तर महिन्या-दोन महिन्यांत टाइपस्क्रिप्टवर यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंद नाही आणि पाऊस नाही

नोंद नसणं आणि पाऊस नसणं, हा फरक मराठवाड्यात तर फारच महत्त्वाचा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पंचनामे, मदत, सगळं त्या आकड्यापासून सुरू होतं. पर्जन्यमापक बंद होता म्हणून एखाद्या दिवशी नोंदच झाली नाही, आणि त्या दिवशी पाऊसच झाला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या नोंदीला दोन शब्द आहेत, नल आणि अनडिफाइन्ड. बेरजेत नल म्हणजे शून्य धरलं जातं. १२ मिलिमीटर अधिक नल, उत्तर १२. बंद पडलेला पर्जन्यमापक कोरडा दिवस होऊन बसतो. अनडिफाइन्ड असेल तर उत्तर ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नव्हे’, असं येतं आणि पुढच्या प्रत्येक बेरजेला ते चिकटत जातं. तेही बरं, शेवटी निदान दिसतं तरी. पण गडबड नेमकी कुठल्या तारखेला झाली, ते मागं जाऊन शोधत बसावं लागतं. रकान्याचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तरी तेच अनडिफाइन्ड मिळतं, एरर नाही.

पायथनमध्ये रिकाम्या नोंदीला एकच शब्द, नन. १२ अधिक नन म्हटलं की प्रोग्राम त्या ओळीवर थांबतो. डिक्शनरीत, म्हणजे नावांनी साठवलेल्या नोंदींत, नसलेला रकाना मागितला तर कीएरर येतो. नवशिक्याला हे थांबणं त्रासाचं वाटतं. मला तो या भाषेचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

पण ही खात्री निव्वळ पायथनपुरती आहे. पावसाच्या तक्त्यावर काम करणारा माणूस लवकरच पांडाज ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेतो. ती रिकाम्या नोंदी गुपचूप वगळून बेरीज करते. महिन्याच्या सगळ्याच नोंदी रिकाम्या असल्या तर बेरीज शून्य सांगते. संख्याशास्त्रवाल्यांना ही सोय हवी असते, कारण खऱ्या माहितीत भोकं असतातच. आपल्याला मात्र किमान किती नोंदी असल्या तरच बेरीज द्यायची, हे सांगणारं मिन-काउंट आठवणीनं लिहावं लागतं. नाहीतर इथंही कोरडा महिना तयार होतो.

मराठी लिहिताना

हा भाग पुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

फोनचा कीबोर्ड मराठीवर असला की माणूस आकडेही देवनागरी टाइप करतो. पायथनच्या इंट आणि फ्लोट या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनांना देवनागरी आकडे थेट समजतात: ‘१२.५’ असा मजकूर दिला की साडेबारा मिळतात. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्याच मजकुराला नॅन म्हणतं. तिथं दहाही आकडे बदलून घ्यायचा कोड स्वतः लिहावा लागतो.

छापताना पारडं फिरतं. जावास्क्रिप्टमध्ये रक्कम मराठी लोकेलनं, म्हणजे त्या भाषेच्या मांडणीनं, दाखवायला सांगितली की लाख-कोटींचे स्वल्पविराम जागेवर पडतात, आकडेही देवनागरी येतात. भारतीय इंग्रजीचं लोकेल दिलं तर इंग्रजी आकड्यांत लाखाची मांडणी मिळते. पायथनचा साधा स्वल्पविरामाचा फॉरमॅट हजार-हजारानं तोडतो, १००,२८६ असं. पट्टीवर ते परकं दिसतं. लोकेल बदलता येतं, पण ते त्या मशीनवर बसवलेलं असेल तरच.

आता नावं. फॉर्ममध्ये नावात फक्त अक्षरं आहेत का, हे पाहायला पायथनमध्ये इज-अल्फा वापरतात. ‘कदम’ दिलं तर उत्तर खरं, ‘पवार’ दिलं तर खोटं. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या मानकाच्या हिशोबानं काना हे अक्षर नाही, चिन्ह आहे, आणि इज-अल्फा फक्त अक्षरं मोजतं. चाचणी ‘कदम’वर घेतली आणि प्रोग्राम गावभर दिला, तर पवार, शिंदे, गायकवाड सगळे बाहेर. शब्द वेगळे काढायच्या पॅटर्नमध्येही तेच: पायथनच्या रेगेक्समधलं (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीतलं) ‘शब्दातलं अक्षर’ हे चिन्ह ‘लातूर’चे तीन तुकडे करतं, ल, त आणि र. जावास्क्रिप्टमधलं तेच चिन्ह देवनागरीकडं बघतही नाही. पण तिथं २०१८ पासून ‘कुठल्याही लिपीचं अक्षर किंवा चिन्ह’ असं थेट म्हणता येतं. पायथनमध्ये त्यासाठी बाहेरचं रेगेक्स नावाचं पॅकेज घ्यावं लागतं.

लांबी विचारली तर दोघीही ‘लातूर’ पाच सांगतात, आपण वाचतो तीन. ला, तू, र असे तुकडे पाडणारं सेगमेंटर ब्राउझरमध्ये तयार मिळतं, पायथनबरोबर येत नाही. मराठी पडदा हेच मुख्य काम असेल तर या बाबतीत ब्राउझर पुढं आहे, हे मान्य करायला हवं.

पायथन गप्प राहतं ती जागा

फंक्शनला मालाची यादी दिली नाही तर रिकामी यादी धर, असं लिहायची पद्धत दोन्हींत आहे. जावास्क्रिप्ट प्रत्येक वेळी नवी रिकामी यादी बनवते. पायथन ती एकदाच बनवतं, फंक्शनची व्याख्या वाचताना, आणि पुढं प्रत्येक वेळी तीच वापरतं. पहिल्या शेतकऱ्याची तूर त्या यादीत टाकली की दुसऱ्याच्या पट्टीत तुरीसकट यादी सुरू होते. एरर नाही, इशारा नाही. पायथनमध्ये फंक्शनची व्याख्या हीसुद्धा एकदा चालणारी आज्ञा आहे, त्यातून हे आलेलं आहे. व्याख्येत नन लिहायचं आणि यादी फंक्शनच्या आत बनवायची, हाच त्यावरचा सर्वमान्य उपाय.

पूर्णांकात रुपये करतानाही जपावं लागतं. ६१,१५० रुपये ५० पैसे पायथनच्या राउंडला दिले तर ६१,१५० येतात. जावास्क्रिप्टचं मॅथ-राउंड ६१,१५१ देतं. पायथन बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडं नेतं, म्हणजे हजारो आकड्यांच्या बेरजेत फरक एकाच बाजूला साचत नाही. विचार चांगला आहे, पण आपल्याकडं पन्नास पैशांना वरचा रुपया धरायची रीत, आणि काउंटरवरचा माणूस तेच अपेक्षित धरतो. पायथनसोबत येणाऱ्या डेसिमल मॉड्यूलमध्ये ही रीत ठरवून देता येते. जावास्क्रिप्टमध्ये तसं काही अंगभूत नाही. सगळा हिशोब पैशांत, पूर्णांकात ठेवणं हा दोन्हीकडचा सुरक्षित मार्ग. शून्य पॉइंट एक अधिक शून्य पॉइंट दोन याचं उत्तर नेमकं शून्य पॉइंट तीन येत नाही, ही अडचण दोघींची सारखीच आहे.

जुनं सांभाळायचं का सुधारायचं

जावास्क्रिप्टमध्ये तारीख सुटे आकडे देऊन बनवली तर महिने शून्यापासून मोजतात. ७ जून हवा तर महिना ५ लिहायचा. नलचा प्रकार विचारला तर ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर येतं. ही चूक सगळ्यांना माहीत आहे, तरी ती दुरुस्त होत नाही, कारण दुरुस्त केली तर जगातली जुनी पानं मोडतील. पायथननं उलटं केलं. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आणून जुन्याशी फारकत घेतली. आधी ७ भागिले २ चं उत्तर ३ यायचं, आता ३.५ येतं. दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. ग्रंथालयातलं जुनं पायथनचं पुस्तक उघडलं आणि प्रिंटची पहिलीच ओळ अडली, तर दोष विद्यार्थ्याचा नसतो. पुस्तक कुठल्या आवृत्तीचं आहे ते आधी बघावं.

वेग: साध्या लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करताना, जावास्क्रिप्ट बरीच पुढं असते. पायथनच्या जड लायब्ऱ्या आतून सी या वेगवान भाषेत लिहिलेल्या असल्यानं तक्त्यांच्या कामात तो फरक जाणवत नाही. दुकानाच्या हिशोबाला दोन्ही पुरून उरतात.

मग घ्यायचं काय

हातात फक्त फोन असेल तर जावास्क्रिप्ट. ब्राउझर प्रत्येक फोनवर असतोच. एकच एचटीएमएल फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली की समोरच्याकडं काही न बसवता चालते, नेट नसलं तरी. पायथनसाठी फोनवर पायड्रॉइडसारखं अॅप बसवता येतं, पण ओळींची उजवीकडं सरकण मोजत छोट्या कीबोर्डवर लिहिणं कटकटीचं आहे, आणि केलेला प्रोग्राम दुसऱ्याला देणं त्याहून. आपण केलेलं घरच्यांना दाखवता येणं, हा शिकणाऱ्याला टिकवून धरणारा मोठा आधार असतो. तो मी हलका मानत नाही.

लॅपटॉप असेल आणि काम नोंदींचं असेल, मग ते पावसाचं असो, बाजारभावाचं, कॉलेजच्या निकालाचं किंवा पतसंस्थेच्या हप्त्यांचं, तर बिनदिक्कत पायथन. एकट्यानं शिकणाऱ्याला थांबवून सांगणारी भाषा हवी, आणि ते काम पायथन बहुतेक ठिकाणी करतं.

वर्षभरात दोन्ही लागतील अशीच शक्यता जास्त: हिशोब पायथनमध्ये, पान जावास्क्रिप्टमध्ये, मध्ये जेसन, म्हणजे एकीकडून दुसरीकडं माहिती नेणारा मजकुराचा साचा. त्या जोडणीवर तीन गोष्टी आधीच बघून ठेवा. पायथन जेसन लिहिताना देवनागरीच्या जागी सांकेतिक आकडे लिहितं. एन्शुअर-आस्की ही सेटिंग बंद केली की मराठी जशीच्या तशी जाते. पांडाजमधून आलेला नॅन पायथन तसाच जेसनमध्ये लिहून टाकतं, आणि तिथं जावास्क्रिप्ट कडक होते: असा जेसन ती वाचायलाच नकार देते. म्हणून सगळे नॅनच्या जागी नन घालतात. नन जेसनमध्ये नल होऊन पानावर पोहोचतो, आणि नल जावास्क्रिप्टच्या बेरजेत शून्य असतो. तेव्हा पानावर बेरीज करण्याआधी प्रत्येक नोंद नल आहे का ते तपासा, आणि असेल तर त्या मंडळापुढं शून्य न छापता ‘नोंद नाही’ असं छापा.