‘जाऊलालो’ला फळ्यावर जागा देणारा क्लास

३ महिने, ४५०० रुपये, आठवड्याचे ५ दिवस. बेळगावात टिळकवाडीत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर हा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. नाव लिहीत नाही, कारण अर्धं गाऱ्हाणंच आहे. मी उद्यमबागला फाउंड्रीत क्वालिटीला. शिक्षण गावच्या मराठी शाळेत. पोरगी इंग्लिश मीडियमला. माझं इंग्रजी ऐकून तोंडावर हात धरते.

पहिला महिना संध्याकाळच्या बॅचला काढला. तिथं टेबलावर डबा. मराठी किंवा कन्नड शब्द निघाला की १० रुपये. शेजारी बैलहोंगलचा पोरगा बसायचा. कारखान्यात असल्या पोरांबरोबर आमचं अर्धं मराठी, अर्धं कन्नड झकास चालतं. इथं दोघं नुसत्या माना हलवायचो. तरी डब्यात माझे १७० गेले. पुस्तक दिल्लीकडचं, पहिल्याच धड्यात ‘माय मदर टंग इज हिंदी’. आम्ही २२ जणांनी ते एका सुरात म्हटलं.

मग शिफ्ट बदलली म्हणून सकाळी ७ च्या बॅचला गेलो. तिथं मॅडम. त्यांनी विचारलं, “वाटेत फोन आला तर घरच्यांना काय सांगता?” मी म्हटलं, “जाऊलालो.” आणि जीभ चावली. ह्याच शब्दावरून शाळेत गुरुजी छडी काढायचे, ‘जात आहे’ म्हण म्हणून. पुण्याचे पाहुणे अजून हसतात. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला. खाली कन्नडातलं ‘होगाकत्तीनि’, त्याखाली ‘आय ॲम गोइंग’. म्हणाल्या, “तुमच्या दोन्ही भाषांत एका शब्दात भागतं, इंग्रजीला तीन लागतात. आता कुठला तुकडा कुठं गेला ते शोधा.” मी इतकी वर्षं ‘आय गोइंग’ म्हणत होतो. ‘ॲम’ का खातो ते त्या दिवशी कळलं. आमच्या ‘जाऊलालो’त तो वेगळा दिसतच नाही.

आजोबांची जमिनीची कागदं मराठीत, १९५६ ला राज्य बदललं तसा आमचा उतारा कन्नडात, आणि ऑडिट रिपोर्ट इंग्रजीत. प्रत्येक ठिकाणी चूक काढायला कुणीतरी बसलेलंच. चूक नाही म्हणणाऱ्या ह्या मॅडम पहिल्याच.

मॅडमच्या बॅचलाही गर्दी फार, बोलायची पाळी आठवड्यात दोनदाच येते. पंखा एक. तरी चौकशीला गेलात तर फीच्या आधी बॅच कुणाची ते विचारा.

मागच्या महिन्यात चेन्नईचे साहेब ऑडिटला आले. रिजेक्शन का वाढलं म्हणाले. उभा राहिलो: “सर, सँड मॉइश्चर इज हाय. ब्लो होल्स आर कमिंग.” म्हणजे साच्याची वाळू ओली, म्हणून ओतलेल्या मालात भोकं. इथपर्यंत बिनचूक. मॉइश्चर का हाय, म्हटल्यावर इंग्रजी संपलं. “पावसाळा,” म्हणालो. त्यांनी स्पेलिंग विचारून रिपोर्टात तसंच लिहून घेतलं.