दालचिनी आणि माझी शुगर: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगते. दालचिनीने शुगर उतरते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७.६ वरून ७.३ वर आलं खरं, पण याच काळात जेवणानंतरचं चालणं सुरू झालं आणि रात्रीचा भात निम्म्यावर आला. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालूच होती. श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

तरी लिहितेय, कारण घ्यायची कुठली हे कुणी धड सांगत नाही. वाण्याकडे बहुतेक वेळा मिळते ती कॅसिया. जाड, गडद, बोटांनी न मोडणारी साल, चव झणझणीत. गरम पाण्यात तिची पूड घातली की तळाला बुळबुळीत गाळ बसतो, तो गिळणं म्हणजे शिक्षाच! खरा मुद्दा मात्र तिच्यातल्या कूमारिन या नैसर्गिक रसायनाचा. ते रोज जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅसियाची चमचाभर पूड रोज फाकणारा ती सहज ओलांडू शकतो. मसालेभातातल्या तुकड्याची काळजी नको.

सिलोनी दालचिनीत कूमारिन अगदी नाममात्र. कागदासारखे पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, रंग फिका, वास गोडसर, चिमटीत चुरा होते. महाग आहे, बरीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण तेज' हा वाण याच जातीचा. ओळखीच्या बागायतदाराकडून त्याची साल मिळाली, तेव्हापासून घरी तीच. तयार पूड घेऊ नका, त्यात काय दळलंय ते कळत नाही.

२००३ मध्ये पाकिस्तानातल्या ६० रुग्णांवरच्या अभ्यासात उपाशीपोटीची साखर चांगली उतरलेली दिसली, आणि गाजावाजा तिथूनच वाढला. पण कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १० चाचण्या एकत्र पाहिल्यावर ठोस पुरावा मिळाला नाही. कारल्याचा रस मी सोडून दिला. भिजवलेली मेथी चालू आहे, पोट साफ राहतं एवढं नक्की.

दालचिनीचा मला झालेला खरा फायदा चहात. तिच्या वासामुळे बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरायला लागला. सासूबाई इन्सुलिनवर आहेत, त्यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही देत नाही.