रिमोटची आगगाडी: पाचपैकी अडीच तारे

मी भुसावळला तीस वर्षं मालगाड्या चालवल्या. त्यामुळे पर्थला लेकाने नातवासाठी घेतलेली ही गाडी मला नुसतं खेळणं म्हणून बघताच येईना. इंजिन चांगलं वजनदार आहे, डबे जोडताना खट्ट असा आवाज येतो, तो झकास. रूळ मात्र सांध्यावर उचकतात, खाली पुठ्ठा सारावा लागला.

खरी तक्रार वेगळी. रिमोट घेऊन स्वयंपाकघरात गेलं की गाडीला काही ऐकू जात नाही, आणि ती थांबायचं सोडून शेवटचा हुकूम पाळत पळत सुटते. अहो, उलटं पाहिजे! आमच्या गाडीचा ब्रेक पाइप तुटला की हवा जाते आणि ब्रेक आपोआप आवळले जातात. शेवटी सूनबाईंनी पोळपाट आडवा टाकला, तेव्हा कुठे स्वारी कलंडली.

पर्थच्याच राज्यात, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियात, पिलबारा नावाच्या भागात ५ नोव्हेंबर २०१८ ला असंच झालं होतं. चालक डबा तपासायला खाली उतरलेला, तासाभराने ब्रेक आपोआप सुटले आणि २६८ वाघिणींची लोहखनिजाची गाडी विनाचालक ९२ किलोमीटर धावली. अखेर पर्थच्या नियंत्रण कक्षातून ती मुद्दाम रुळावरून उतरवली. कुणालाही इजा नाही. आपल्या खंडाळ्याच्या घाटात अशा सुटलेल्या गाडीसाठी चढावर नेऊन थांबवणारी बाजूची लाइन, म्हणजे कॅच सायडिंग असते.

तशी एक मी उशांची केलीय, सोफ्याजवळ. चार्जर मात्र वेगळा घ्यावा लागतो, आणि हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही.