पोर्ट ब्लेअरला बदली : गोलघरचा फ्लॅट की गाराचरमाचे बैठे घर?

केंद्र सरकार, बँक किंवा विमा कंपनीच्या नोकरीमुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून अंदमानला जाणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न घराचा असतो. सप्टेंबर 2024 पासून पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव श्री विजयपुरम झाले आहे, पण घरमालक, रिक्षावाले आणि आपण स्वतः अजून जुनेच नाव वापरतो, म्हणून येथेही तेच वापरले आहे. आम्ही तेथे आधी शहरातल्या फ्लॅटमध्ये आणि नंतर शहराबाहेरच्या बैठ्या घरात राहिलो, त्यामुळे पुढील तुलना दोन्ही उंबरठ्यांच्या आतून केलेली आहे.

सरकारी क्वार्टर मिळत असेल तर फारसा विचार न करता घ्यावे, मात्र क्रमवारीत नाव वर येईपर्यंत बहुतेकांना भाड्याच्या घरातच राहावे लागते. स्वराज द्वीपावर (म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर) राहून शहरात नोकरी करण्याचा विचार मनातून काढून टाकावा, कारण फिनिक्स बे जेट्टीवरून सुटणारी बोट हवामान बिघडले की रद्द होते. खरी निवड उरते ती दोहोंत. एकीकडे अ‍ॅबरडीन बाजार, गोलघर, डेलानीपूर या भागांतले मजल्यावरचे फ्लॅट आहेत, तर दुसरीकडे ट्रंक रोडच्या बाजूने गाराचरमा, प्रोथरापूरकडची अंगण असलेली घरे आहेत.

या निवडीत भाडे किंवा खोल्यांची संख्या यांच्याआधी पाणी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे वाचून आपल्याकडच्या माणसाला नवल वाटेल. जळगावात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि पोर्ट ब्लेअरला साधारण 3000, मग तेथे पाण्याची टंचाई कशी? बेटाचा उतार तीव्र असतो, ओहोळ आखूड असतात आणि पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. शहराची मोठी भिस्त धनीखाडीच्या एका धरणावर आहे. मे ते डिसेंबर पाऊस भरपूर असतो, पण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात धरण उतरले की नळाला पाणी अधिक दिवसांच्या अंतराने येते. वाघूर धरणाचे पाणी किती दिवसांनी येणार याचा हिशेब ठेवून ज्यांनी संसार केला आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की जळगावात हौद, ड्रम आणि बोअर अशी तिहेरी सोय आपण वर्षानुवर्षे करून ठेवलेली असते, आणि तेथे नव्या भाडेकरूच्या हाती फक्त मालकाची टाकी असते.

गोलघरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हेच झाले. घर ऑगस्टमध्ये पाहिले, तेव्हा नळ धो धो वाहत होता. गच्चीवर 1000 लिटरची एकच टाकी आहे आणि ती चार बिऱ्हाडांत वाटली जाते, हे मार्चमध्ये कळले. मालकांनी टँकरचा खर्च आमच्यावर टाकला आणि करारात त्याबद्दल एक शब्दही नव्हता. म्हणून शहरातला फ्लॅट पाहताना आधी गच्चीवर जावे, टाक्या मोजाव्यात, त्यांवर किती घरे आहेत ते विचारावे आणि खाली जमिनीतला साठा आहे का, ते झाकण उचलून पाहावे. गाराचरमाकडे अनेक घरांना स्वतःची विहीर असते. आमच्या दुसऱ्या घराच्या विहिरीने एप्रिलमध्ये तळ दाखवला, पण ती आटली नाही. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे लागे, बाकी वापराची चिंता मिटली. केवळ या एका कारणासाठी मी बाहेरचे घर वरचे मानते.

बाकीच्या बाबतींत मात्र पारडे शहराकडे झुकते. जी. बी. पंत रुग्णालय, बाजार, शाळा आणि जेट्टी सारे जवळ असते. आपल्याकडच्या सपाटीवर वाढलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे, त्यामुळे नकाशावर पाच मिनिटांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात उभी चढण असू शकते. सासूबाईंच्या गुडघ्यांना तिसऱ्या मजल्यापेक्षा रस्त्याच्या चढाचाच त्रास अधिक झाला. गाराचरमाला बस मिळते, तरी दुचाकीवाचून भागत नाही, आणि भर पावसात रेनकोट घालून मुलीला शाळेत सोडण्याचे महिने वर्षातले निम्म्याहून अधिक असतात. त्यात काळोख लवकर होतो. घड्याळ आपलेच, पण बेटे इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे कार्यालय सुटते तेव्हा बाहेरच्या वस्तीचा रस्ता अंधारात गेलेला असतो. घरे पाहायला निघायचे तर सकाळी लवकर निघावे, चारनंतर भिंतींची ओल नीट दिसत नाही.

इमारत कशी पाहावी, हा भाग दोन्हींना लागू आहे, पण दोष वेगवेगळे असतात. खारी हवा लोखंड खाते. फ्लॅटच्या जिन्याखाली आणि बाल्कनीच्या कडेला पाहावे. तांबूस ओघळ दिसले, प्लास्टर फुगून सळई उघडी पडली असेल, तर रंग कितीही ताजा असला तरी ते घर सोडावे. ही बेटे भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे ही बाब निव्वळ दिसण्याची नाही. बैठ्या घरांवर बहुधा उतरते पत्रे असतात. धाब्याच्या किंवा स्लॅबच्या घराची सवय असलेल्याला पहिल्या पावसात त्या आवाजाने झोप येत नाही, पुढे सवय होते. पत्र्यांच्या खिळ्यांभोवती गंजाची वर्तुळे आहेत का ते आतून पाहावे. तळमजल्यावर ओल आणि बुरशी ठरलेली, शिवाय तेथली गोम आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून लहान मूल असेल तर जोते उंच असलेलेच घर घ्यावे. खाडीलगतची सखल जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या परिसरातली जमीन सुमारे एक मीटर खचली आणि सिप्पीघाटकडची शेते खाऱ्या पाण्याखाली गेली, तेव्हा मोठ्या भरतीला पाणी कोठवर येते हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय अशा जागेचे बोलणेच करू नये.

इंटरनेटचा प्रश्न पूर्वीसारखा राहिलेला नाही. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून घरून काम करणाऱ्यांचेही निभावते.

सामानाच्या दृष्टीने फर्निचरसह मिळणारा फ्लॅट सोयीचा पडतो. नवजीवन एक्सप्रेसने जळगावहून चेन्नई गाठता येते, पण पुढे समुद्र आहे. जहाजाला सुमारे तीन दिवस लागतात आणि सामानाच्या कंटेनरला त्याहून बरेच अधिक. पोलादी कपाट नेऊ नये, ते दोन पावसाळ्यांत गंजते. ज्वारीची दादर, कळण्याचे पीठ आणि काळा मसाला मात्र हवाबंद डब्यांत न्यावा. बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचे असतील तर अंगण हवे, आणि तेही जानेवारी ते मार्च या काळातच, कारण आपल्याकडे वाळवणे ऐन भरात असतात त्या मे महिन्यात तेथे पाऊस सुरू झालेला असतो. फ्लॅटच्या गच्चीवर मी एकदा घातले, तर चार घरांच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांखाली त्यांना दुपारपर्यंत ऊन मिळाले नाही.

तेव्हा वृद्ध, आजारी किंवा परीक्षेच्या वर्गातले मूल सोबत असेल, तर पहिले वर्ष शहरात काढावे आणि अशा घरासाठी थोडे अधिक भाडे देण्याची तयारी ठेवावी, ज्याला जमिनीतला साठा आहे. दोघेच असाल आणि दुचाकी चालवत असाल, तर सरळ गाराचरमाकडे जावे. दोन्हीकडे करार लेखी करावा. अंदमानसाठीच्या भाडेकरार विनियमाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे लेखी करार मागणे मालकांना आता खटकत नाही. महाराष्ट्रातल्या अकरा महिन्यांच्या कराराचा छापील नमुना जसाच्या तसा वापरू नये. आपल्या करारात टँकरचा खर्च कोणाचा, टाकीतला वाटा किती आणि पत्रा गळला तर किती दिवसांत दुरुस्त होणार, ही तीन वाक्ये मालकांसमोर बसून हाताने लिहून घ्यावीत आणि त्यांखाली दोघांनी सह्या कराव्यात.