स्पार्क कशावर चालवायचा: यार्न, कुबरनेटीज की स्टँडअलोन?

स्पार्क हे मोठा डेटा अनेक मशिनांवर वाटून हाताळणारं इंजिन आहे. त्या मशिनांवरची जागा वाटून देण्याचं काम यार्न (हडूपचा भाग), कुबरनेटीज (कंटेनर चालवणारी यंत्रणा) किंवा स्पार्कचाच स्टँडअलोन मोड करतो. स्पार्कचा कोड तिन्हीकडे जवळपास तोच चालतो. जॉब पाठवणाऱ्या स्पार्क-सबमिट या आज्ञेला मास्टरचा पत्ता वेगळा दिला की झालं. म्हणूनच हा निर्णय बरेचदा घाईत उरकला जातो आणि त्याचा जाच रोजचे जॉब सुरू झाल्यावर जाणवतो. फरक मुख्यतः दोन ठिकाणी पडतो: एका नोडवर (क्लस्टरमधल्या मशिनवर) प्रत्यक्षात किती एक्झिक्युटर (काम करणाऱ्या प्रोसेस) बसतात, आणि एक्झिक्युटर गेल्यावर त्याने लिहिलेल्या शफल फाइलींचं (एका टप्प्यातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या मधल्या डेटाचं) काय होतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. डेटा एचडीएफएसवर (हडूपच्या फाइल सिस्टिमवर) असेल तर यार्न सोडायची घाई करू नका. डेटा एस३सारख्या ऑब्जेक्ट स्टोअरवर असेल आणि कुबरनेटीज सांभाळणारी माणसं हाताशी असतील तर कुबरनेटीज घ्या. एकच टीम, मोजके जॉब आणि पाच-सहा मशिनं असतील तर स्टँडअलोन पुरतो. जुन्या मार्गदर्शकांत मेसोस हा चौथा पर्याय भेटेल. स्पार्क ३.२ मध्ये तो कालबाह्य ठरवला गेला आणि ४.० मध्ये काढून टाकला, त्यामुळे तो धरूच नका. आणि सगळा डेटा एका मशिनच्या डिस्कवर आरामात मावत असेल, तर आधी त्याच मशिनवर लोकल मोडमध्ये जॉब चालवून वेळ मोजा. क्लस्टर उभारला की त्याची देखभालही गळ्यात पडते.

मेमरीचं गणित

१६ कोअर आणि ६४ जीबीचा एक नोड घ्या. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नोड मॅनेजर (नोडवरचा यार्नचा एजंट) यांच्यासाठी १ कोअर, ४ जीबी बाजूला ठेवले की १५ कोअर, ६० जीबी उरतात. ५ कोअरचा एक एक्झिक्युटर धरला तर तीन बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला २० जीबी येतात. इथे बरेच जण एक्झिक्युटर मेमरी २० जीबी लिहून मोकळे होतात आणि चुकतात. ती मेमरी फक्त जेव्हीएमच्या (जावा कोड चालवणाऱ्या यंत्रणेच्या) हीपची असते. त्यावर ओव्हरहेड, म्हणजे हीपबाहेरची मेमरी, चढतो: हीपच्या १० टक्के किंवा ३८४ एमबी, यातलं जे जास्त असेल ते. शिवाय यार्न ही बेरीज किमान वाटपाच्या पटीत वर नेतो, आणि ते किमान वाटप मुळात १०२४ एमबी असतं.

| मांडणी | हीप | ओव्हरहेड | प्रत्यक्ष मागणी | ६० जीबीत किती बसतात |
|---|---|---|---|---|
| यार्न | १८ जीबी | १८४३ एमबी | २०४८० एमबी | ३ |
| यार्न | १९ जीबी | १९४५ एमबी | २१५०४ एमबी | २ |
| कुबरनेटीज, पायस्पार्क | १८ जीबी | ७३७२ एमबी | २५८०४ एमबी | २ |

पहिल्या दोन ओळी नीट पाहा. हीप एका जीबीने वाढवला आणि नोडची एक तृतीयांश ताकद बसून राहिली. एररही येत नाही, क्लस्टर फक्त संथ वाटतो. यार्नवर आणखी एक अडसर असतो. एका कंटेनरची कमाल मर्यादा मुळात ८१९२ एमबी असते. ती वाढवली नाही तर १८ जीबीची मागणी जॉब सुरू होतानाच फेटाळली जाते. नोड मॅनेजरला किती मेमरी वाटायची मुभा आहे तेही लिहून द्यावं लागतं, नाहीतर ६४ जीबीच्या मशिनवरही तो ८ जीबीच वाटत बसतो.

तिसरी ओळ यार्नवरून कुबरनेटीजवर येणाऱ्यांना हमखास नडते. कुबरनेटीजवर पायथन जॉबसाठी ओव्हरहेडचं प्रमाण १० ऐवजी ४० टक्के धरलं जातं. पायथनचे वर्कर हीपच्या बाहेर जगतात, म्हणून यामागचा विचार योग्यच आहे. पण जुनी सेटिंग तशीच उचलून आणली की तीनऐवजी दोनच पॉड (कुबरनेटीजवर एक एक्झिक्युटर म्हणजे एक पॉड) बसतात. उपाय सोपा आहे: ओव्हरहेड आपल्या हाताने लिहा. पायथन यूडीएफ (स्वतः लिहिलेली फंक्शनं) नसलेल्या जॉबला २ जीबीपासून सुरुवात करा. पांडास यूडीएफ असतील तर ४-५ जीबी ठेवा आणि तेवढा हीप कमी करा.

कुबरनेटीजवर कोअरचंही असंच होतं. १६ कोअरच्या नोडवर क्यूबलेट (नोडवरचा कुबरनेटीजचा एजंट) आणि डेमनसेट (प्रत्येक नोडवर चालणारे सहायक पॉड) आपला वाटा आधीच घेतात, म्हणून ४ कोअरचे चार पॉड कधीच बसत नाहीत, चौथा पेंडिंग राहतो. अशा वेळी एक्झिक्युटर कोअर ४ ठेवा, पण पॉडची सीपीयू मागणी वेगळ्या सेटिंगने ३.५ करा. टास्क चारच चालतात आणि पॉडही चार बसतात.

आणि मेमरी अपुरी पडली म्हणून हीप लगेच वाढवत सुटू नका. १८ जीबी हीपमधून ३०० एमबी राखीव जातात आणि उरलेल्याच्या ६० टक्के, म्हणजे साधारण १०.६ जीबी, शफल, सॉर्ट, जॉइन आणि कॅश यांच्या वाट्याला येतात. पाच टास्क एकाच वेळी चालले की प्रत्येकाला जेमतेम २.१ जीबी. कोअर पाचवरून तीन केले तर तोच वाटा ३.५ जीबी होतो. हीप ३२ जीबीच्या खालीच ठेवा. त्यावर गेलं की जेव्हीएमला छोटे पॉइंटर वापरता येत नाहीत आणि वाढवलेल्या मेमरीचा बराचसा भाग त्यातच खर्ची पडतो. पॉड १३७ कोडने मरत असेल तर बहुधा कंटेनरची एकूण मर्यादा ओलांडलेली असते, तिथे ओव्हरहेड वाढवायचा. लॉगमध्ये जावा हीप स्पेसची तक्रार असेल तर प्रश्न हीपचा, म्हणजेच पार्टिशनच्या (एका टास्कला मिळणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या) आकाराचा आहे.

शफल फाइली कुणाच्या हवाली?

आमच्या लेखी निर्णय इथे ठरतो. ग्रुप बाय किंवा मोठा जॉइन आला की प्रत्येक एक्झिक्युटर मधला डेटा आपल्या लोकल डिस्कवर लिहितो आणि पुढच्या टप्प्यातले टास्क तो तिथून ओढून नेतात. मधेच एक्झिक्युटर गेला आणि फाइली मिळेनाशा झाल्या, तर फेच फेल्ड येतं आणि आधीच्या टप्प्यातलं काम पुन्हा करावं लागतं. एकच टप्पा सलग चारदा असा फसला की जॉब बंद पडतो.

यार्नवर यासाठी बाह्य शफल सेवा आहे. ती नोड मॅनेजरच्या आत, ७३३७ पोर्टवर चालते आणि एक्झिक्युटर गेला तरी त्याच्या फाइली वाटत राहते. त्यामुळे डायनॅमिक अलोकेशन बिनधास्त लावता येतं: ६० सेकंद रिकामा बसलेला एक्झिक्युटर परत दिला जातो आणि त्याची जागा दुसऱ्या जॉबला मिळते. मांडताना स्पार्कसोबत येणारी यार्न-शफल जार प्रत्येक नोड मॅनेजरच्या क्लासपाथवर ठेवायची, सहायक सेवांच्या यादीत तिचं नाव घालायचं आणि सगळे नोड मॅनेजर रीस्टार्ट करायचे. एखादा नोड जरी सुटला तरी त्या नोडवर कंटेनर सुरू होताना सेवा अस्तित्वात नसल्याची एरर येते. जॉब कधी चालतो, कधी पडतो, अशी तक्रार आली तर आधी हे तपासा. अख्खा नोड बंद पडला तर मात्र ही सेवाही वाचवू शकत नाही.

कुबरनेटीजवर अशी सेवा नाही. शफल फाइली मुळात पॉडच्या तात्पुरत्या व्हॉल्यूमवर असतात, पॉड गेला की त्याही गेल्या. यावर चार मार्ग आहेत. पहिला शफल ट्रॅकिंगचा: ज्याच्याकडे लागणाऱ्या फाइली आहेत तो एक्झिक्युटर सोडायचाच नाही. हा सर्वात सोपा, पण लांबलचक जॉबमध्ये पॉड अडकून राहतात आणि क्लस्टर आटतच नाही. दुसरा डिकमिशनिंगचा, स्पार्क ३.१ पासून: पॉड जाण्याआधी फाइली दुसरीकडे हलवल्या जातात. इथे वेळेचा हिशेब करा. कुबरनेटीज पॉडला मुळात ३० सेकंदांची सवलत देतं, आणि १ गिगाबिटच्या जोडणीवर २० जीबी हलवायला सगळं सुरळीत असलं तरी १६० सेकंद लागतात. पॉड टेम्प्लेटमध्ये ही सवलत वाढवल्याशिवाय डिकमिशनिंग सुरू असूनही फाइली हरवतील. तिसरा, स्पार्क ३.२ पासून, म्हणजे पर्सिस्टंट व्हॉल्यूम ड्रायव्हरच्या (जॉब चालवणाऱ्या मुख्य प्रोसेसच्या) मालकीचं ठेवून नव्या एक्झिक्युटरला जोडायचं. चौथा म्हणजे सेलेबॉर्नसारखी स्वतंत्र शफल सेवा. तो सर्वात भक्कम आहे, पण सांभाळायला आणखी एक यंत्रणा वाढते.

कुठलाही मार्ग घ्या, तात्पुरतं व्हॉल्यूम नोडच्या मूळ डिस्कवर राहू देऊ नका. मोठ्या शफलने ती भरली की क्यूबलेट पॉड हुसकावून लावतो, त्यात शेजारचे पॉडही जातात. वेगळी एसएसडी माउंट करा आणि व्हॉल्यूमचं नाव ‘स्पार्क-लोकल-डिर-’ या अक्षरांनी सुरू करा (अर्थात इंग्रजी लिपीत), तरच स्पार्क ते शफलसाठी वापरतो. यार्नवर डिस्क ९० टक्के भरली की नोड मॅनेजर ती बाद ठरवतो. तिथेही कारण बहुधा शफलच असतं.

रांगेत कोण आधी

अनेक टीम एकाच क्लस्टरवर असतील तर यार्न सरस आहे. रांगा, त्यांचे किमान-कमाल वाटे, गरजेला दुसऱ्याकडून जागा काढून घेणं, हे सगळं त्यात आहेच. फक्त यार्नचा कपॅसिटी शेड्युलर मुळात केवळ मेमरी मोजतो, कोअर मोजत नाही. पाच कोअर मागूनही यार्नच्या पानावर एकच दिसतो तो यामुळे. डॉमिनंट रिसोर्स कॅलक्युलेटर लावल्यावर हिशेब खरा होतो.

कुबरनेटीजचा नेहमीचा शेड्युलर एकेक पॉड सुटा पाहतो. एकाच वेळी वीस जॉब आले तर वीस ड्रायव्हर जागा अडवून बसतात, एक्झिक्युटरना काही उरत नाही आणि कुणाचंच काम पुढे सरकत नाही. स्पार्क ३.३ पासून व्होल्कॅनो आणि युनिकॉर्न या शेड्युलरांना थेट जोडता येतं. एका जॉबला लागणारे पॉड एकत्र मिळणार असतील तरच सुरुवात करायची, हे ते बघतात. दोन-तीनपेक्षा जास्त टीम असतील तर यातला एक पहिल्या दिवसापासून लावा.

पायथनची पॅकेजेस

इथे कुबरनेटीज निर्विवाद पुढे आहे. इमेजमध्ये पायथनची आवृत्ती आणि सगळी पॅकेजेस गोठवली की ड्रायव्हर आणि एक्झिक्युटर यांच्यात तफावत राहत नाही, आणि दोन टीम दोन वेगळ्या स्पार्क आवृत्त्या शेजारी शेजारी चालवू शकतात. यार्नवर कोंडा-पॅक या साधनाने एन्व्हायर्नमेंटचं (पायथन आणि पॅकेजेसचं) गाठोडं बांधून आर्काइव्ह म्हणून पाठवावं लागतं. ते एचडीएफएसवर ठेवा, म्हणजे दर वेळी अपलोड होणार नाही. गाठोडं ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बांधलं तीच नोडवर असायला हवी.

कुबरनेटीजची पहिली ठेच बहुतेकदा परवानगीची असते. ड्रायव्हरच्या सर्व्हिस अकाउंटला पॉड बनवायची मुभा नसेल तर ४०३ येऊन जॉब तिथेच थांबतो. दुसरी लॉगची. काम संपलं की एक्झिक्युटर पॉड पुसले जातात आणि लॉगही त्यांच्याबरोबर जातात. लॉग बाहेर गोळा करायची सोय आणि हिस्ट्री सर्व्हरसाठी इव्हेंट लॉग या दोन्ही गोष्टी पहिला जॉब चालवण्याआधी लावा. यार्नमध्ये लॉग एकत्रीकरण एकदा सुरू केलं की एका आज्ञेत सगळं मिळतं.

स्टँडअलोन

मास्टर ७०७७ पोर्टवर, मशिनामागे एक वर्कर, अर्ध्या तासात उभा. पण मर्यादा न घातल्यास पहिला जॉब सगळे कोअर घेऊन बसतो आणि दुसरा ताटकळतो, म्हणून कमाल कोअरची सेटिंग लावाच. पायथन जॉब इथे क्लस्टर मोडमध्ये (ड्रायव्हर क्लस्टरवर ठेवून) चालत नाहीत. ज्या मशिनवरून सबमिट केलं ते जॉब संपेपर्यंत चालू राहायला हवं. वर्करच्या वर्क फोल्डरची साफसफाईही सुरू आहे ना ते बघा.

कोडमध्ये काय बदलतं

एचडीएफएसवर फोल्डरचं नाव बदलणं क्षणाचं काम असतं. ऑब्जेक्ट स्टोअरवर बरेचदा नाव बदलणं म्हणजे प्रत्येक फाइलची नक्कल करणं, आणि स्पार्कचा नेहमीचा फाइल कमिटर (निकाल अंतिम जागी नेणारा भाग) नेमकं हेच करतो. सगळे टास्क संपूनही जॉब शेवटी रेंगाळतो तो यामुळे. एस३ए (एस३शी जोडणारा हडूपचा कनेक्टर) याचा मॅजिक कमिटर किंवा आइसबर्ग, डेल्टासारखा टेबल फॉरमॅट वापरा.

बाकीच्या गोष्टी तिन्हीकडे सारख्याच आहेत. शफल पार्टिशनची मूळ संख्या २०० आहे. ३०० जीबीच्या शफलला ती ठेवली तर एक पार्टिशन दीड जीबीचं होतं. १२८ ते २०० एमबीचं लक्ष्य धरून २००० च्या आसपास न्या. स्पार्क ३.२ पासून अडॅप्टिव्ह एक्झिक्युशन मुळातच चालू असतं आणि लहान पार्टिशनं जोडून घेतं, त्यामुळे आकडा थोडा जास्त असलेला चालतो. साध्या पायथन यूडीएफमध्ये प्रत्येक ओळ जेव्हीएममधून पायथनमध्ये जाते आणि परत येते. तेच काम तयार फंक्शनने होत असेल तर क्लस्टर बदलण्याआधी ते बदला.

निर्णयाआधी आपला सर्वात जड शफलवाला जॉब ज्या दोन पर्यायांत निवड करायची आहे त्या दोन्हीकडे, सारख्या कोअर आणि सारख्या एकूण मेमरीवर चालवा. जॉब मध्यावर आला की एक एक्झिक्युटर हाताने मारा. स्पार्कच्या ४०४० पोर्टवरच्या पानावर स्टेजेस उघडा आणि किती टास्क पुन्हा चालले ते मोजा. मग एक अख्खा नोड काढून हेच करा.