मोटरसायकलच्या बॅटरीसाठी मल्टिमीटर आणि मेंटेनर चार्जर : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मोटरसायकल आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही जेमतेम अर्धा तास बाहेर निघू लागली, तेव्हापासून माझ्या बॅटरीचे दुखणे सुरू झाले. पहिली बॅटरी दीड वर्षात बसली. तिच्या जागी १२ व्होल्ट, ८ एएच (ॲम्पिअर-तास) क्षमतेची, पाणी घालावे न लागणारी एजीएम बॅटरी (लेड-ॲसिडचाच एक बंद प्रकार) घेतली आणि सोबत दोन वस्तू आणल्या : एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि १ ॲम्पिअरचा स्वयंचलित मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी भरून पुढे ती भरलेलीच राखणारा चार्जर. या दोन्हींच्या वापराला आता अकरा महिने झाले आहेत. दर पंधरवड्याला घेतलेली मापे मी एका वहीत तारखेनिशी उतरवत गेलो. पुढे दिलेली माझ्या गाडीची मापे त्या वहीतलीच आहेत.

मल्टिमीटर हाती आल्यावर पहिले काही आठवडे मी एकच गोष्ट करत होतो. गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांना प्रोब लावायचे, आकडा पाहायचा आणि तो १२.६ च्या वर असला की बॅटरी उत्तम आहे असे समजायचे. ही समजूत अर्धवट होती, आणि बॅटरीच्या बाबतीत बहुतेकांची फसगत इथेच होते असे माझे मत झाले आहे. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेल्या अवस्थेत प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेली पाण्याची (म्हणजे वरून पाणी घालावे लागणारी) बॅटरी १२.६ ते १२.७ आणि एजीएम बॅटरी १२.८ च्या पुढे दिसते. १२.४ च्या आसपास ती पाऊणभर, १२.२ ला निम्मी, तर १२.० ला जवळजवळ पावच उरलेली असते. एजीएमचे आकडे याहून किंचित वर राहतात. मात्र हा आकडा भांडे किती भरले आहे एवढेच सांगतो, भांडे मुळात केवढे उरले आहे हे सांगत नाही. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. उरलेला लहानसा भाग मात्र पूर्ण भरतो आणि मीटरवर ऐटीत १२.७ दाखवतो.

माझ्या जुन्या बॅटरीने हे अगदी डोळ्यांसमोर दाखवून दिले. ती टाकून देण्याआधी मी नव्या चार्जरला जोडून पाहिली. जोडताना ती १२.० व्होल्टवर होती, म्हणजे ८ एएचच्या बॅटरीत किमान ६ एएच परत भरणे अपेक्षित होते आणि १ ॲम्पिअरच्या चार्जरला त्यासाठी सहा तासांहून अधिक वेळ लागायला हवा होता. चाळीस मिनिटांत चार्जरचा हिरवा दिवा लागला. चाळीस मिनिटांत फार तर ०.७ एएच आत गेले असणार. त्यापलीकडे घ्यायला बॅटरीत जागाच उरली नव्हती. रात्रभर विसावल्यानंतर सकाळी तिने १२.७१ दाखवले. ती गाडीला जोडून सेल्फचे बटण दाबले, तेव्हा स्टार्टर रिले टकटक करू लागला, मीटरवरचा आकडा ७.९ पर्यंत कोसळला आणि बटण सोडताच पुन्हा १२.५ वर येऊन उभा राहिला. हिरवा दिवा आणि विसाव्याचा व्होल्टेज या दोहोंवर एकाच वेळी विश्वास ठेवणारा माणूस दोष स्टार्टर मोटरमध्ये शोधत बसला असता.

तेव्हापासून मी दोन मापे घेतो. पहिले विसाव्याचे : गाडी किंवा चार्जर बंद झाल्यावर निदान बारा तासांनी, कारण चार्जिंगनंतर लगेच दिसणारा व्होल्टेज वरवरचा आणि फुगवलेला असतो. घाई असेल तर हेडलाइट एक मिनिट लावून बंद करावा आणि थोडे थांबून माप घ्यावे, म्हणजे ती फुगवटी बरीचशी उतरते. दुसरे, आणि माझ्या लेखी अधिक महत्त्वाचे, माप सेल्फ मारतानाचे. मीटरवर मिन-मॅक्स (सर्वांत खालचा आणि वरचा आकडा धरून ठेवणारी) कळ असेल तर ती लावून बटण दाबायचे आणि सर्वांत खालचा आकडा टिपून ठेवायचा. इंजिन सुरू होताना तो १० व्होल्टच्या वर राहत असेल तर काळजीचे कारण नाही, ९.६ च्या खाली जाऊ लागला तर बॅटरी बदलण्याची तयारी ठेवावी. साधा मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलत असल्यामुळे अगदी पहिल्या क्षणाची खोल घसरण त्याच्या हातून निसटते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. तोच मीटर, तीच जागा, शक्यतो सकाळची तीच वेळ आणि थंड इंजिन एवढे सांभाळून स्वतःच्याच जुन्या नोंदींशी तुलना करावी. थंडीच्या दिवसांत घट्ट झालेले इंजिन ऑइल आणि मंदावलेली बॅटरी यांमुळे माझा आकडा ०.३ ने खाली येत असे आणि ऊन वाढले की आपोआप वर जात असे. वही नसती तर मला हे कधीच उमगले नसते.

नवी बॅटरी पूर्ण भरल्यावर विसाव्याला १२.९४ आणि सेल्फ मारताना १०.९ दाखवत होती. तिसऱ्या महिन्यात, चार्जर जोडलेला नसताना, ती आठ दिवसांत १२.३ वर आली. चांगली एजीएम बॅटरी स्वतःहून महिन्याला तीन ते पाच टक्केच उतरते; उष्णता दर १० अंशांनी वाढली की हा वेग साधारण दुप्पट होतो, तरीही आठ दिवसांत एवढी घट होणे शक्य नव्हते. म्हणजे गाडीतच कुठेतरी गळती होती. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत जोडला. इग्निशन बंद असताना ०.०२ ॲम्पिअर असे काहीसे दिसले, म्हणून मीटर मिलिॲम्पिअरवर घेतला आणि २७ हा आकडा समोर आला. येथे एक काळजी कटाक्षाने घ्यावी : मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये आणि सेल्फला तर हातही लावू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. त्यानंतर एकेक फ्यूज काढून पाहिला. पाचही फ्यूज काढले तरी आकडा हलला नाही. थेट बॅटरीवरून घेतलेली हँडलवरच्या मोबाईल चार्जिंग सॉकेटची वायर सोडवली, तेव्हा तो २ वर आला. सॉकेटमध्ये मोबाईल नसतानाही त्याच्या आतला सर्किट बोर्ड अहोरात्र २५ मिलिॲम्पिअर पीत होता, दिवसाला ०.६ एएच, म्हणजे ८ एएचची बॅटरी दोन आठवड्यांत रिकामी. ते सॉकेट बसवणाऱ्याने किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या इग्निशनच्या लाइनवरून जोडणी दिली असती तर माझी पहिली बॅटरी आणखी बराच काळ टिकली असती, असे मला आता खात्रीने वाटते. सॉकेट रिलेमार्फत इग्निशनला जोडून घेतले आणि गळती २ मिलिॲम्पिअरवर स्थिरावली, जी घड्याळ आणि ईसीयूच्या (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या) स्मृतीसाठी साहजिकच लागते. गाडीला अलार्म किंवा ट्रॅकर बसवलेला असेल, तर ही चाचणी सर्वांत आधी करावी.

सहाव्या महिन्यात दुसरा प्रसंग घडला. सेल्फ मारतानाचा आकडा एकाएकी १०.८ वरून १०.१ वर आला. विसाव्याचा व्होल्टेज मात्र १२.९ होता. नवी बॅटरी इतक्या लवकर चालली की काय, या विचाराने मी अस्वस्थ झालो. नंतर लक्षात आले की मी प्रोब नेहमी बोल्टच्या डोक्यावर टेकवत होतो, बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर नव्हे. मग मीटरचा एक प्रोब शिशाच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरा त्यावर बसवलेल्या वायरच्या लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) ठेवून सेल्फ मारला. या दोन बिंदूंत अंतर बोटाच्या पेराएवढेही नाही, तेथे जवळजवळ काहीच व्होल्टेज दिसू नये, मला ०.६ व्होल्ट दिसले. बोल्ट सैल झाला होता आणि लगच्या खालच्या बाजूला पांढरट थर धरला होता. म्हणजे बॅटरी नव्हे, तिची जोडणी आजारी होती. थर पितळी ब्रशने घासून काढला, बोल्ट घट्ट बसवला आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला. त्या दिवशीच आकडा पुन्हा १०.८ झाला. जेली जोडणी घट्ट केल्यानंतर बाहेरून लावायची असते, धातू-धातूच्या मध्ये नव्हे. पाण्याच्या बॅटरीवर आम्लाचा थर जमलेला असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने धुवावे, फक्त ते पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नये.

टर्मिनलच्या खाचेतला तो लहान चौकोनी नट ज्यांनी हाताळला आहे त्यांना तो किती छळतो हे ठाऊक असेल. बोल्ट वरून घालायला जावे तो नट खाली निसटतो आणि बोल्टाला आटे सापडत नाहीत. नटाखाली फोमचा एक लहान तुकडा सारला की तो वर धरून राहतो आणि काम एका मिनिटात होते. वायर सोडवताना आधी निगेटिव्ह आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम मात्र कधीही मोडू नये. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चेसिसला टेकला तर बॅटरीचा संपूर्ण प्रवाह त्या पान्यातून वाहतो.

चार्जिंग सर्किटची तपासणी वर्षातून दोनदा पुरते. इंजिन ५००० आरपीएमच्या आसपास ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत, माझ्याकडे १४.२ मिळतात. १५ च्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला असे समजावे, कारण तो नव्या बॅटरीलाही उकळून मारतो. माझ्या गाडीत हेडलाइट कायम चालू असतो आणि आयडलिंगला १३.१ च मिळतात. त्यामुळे ‘रोज दहा मिनिटे जागेवर चालू ठेवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मी सोडून दिला आहे. एवढ्याने बॅटरी भरत तर नाहीच, उलट इंजिन नीट न तापता बंद केल्यामुळे ऑइल आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते.

आता चार्जरविषयी. बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारे एक दशांश प्रवाह हा लेड-ॲसिडसाठी सुरक्षित नियम मानला जातो, त्या हिशेबाने ८ एएचला १ ॲम्पिअर योग्य आहे. मोटारीचा ५-६ ॲम्पिअरचा चार्जर या लहान बॅटरीला लावू नये. माझा चार्जर भरताना १४.५ पर्यंत जातो आणि भरल्यावर १३.६ वर धरून ठेवतो, हे मी मीटरने पडताळले आहे. त्यासोबत आलेली फ्यूज असलेली वायर बॅटरीला कायमची जोडून तिचे टोक सीटखालून बाहेर काढले आहे, त्यामुळे सीट न उघडता चार्जर लावता येतो. ही सोय नसती तर मी कंटाळा केला असता. गाडी दहा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तरच मी तो लावतो. चार्जिंग चालू असताना हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळपास ज्योत नसावी.

चार्जरचे दोन दोष ठळकपणे सांगायला हवेत. वीज जाऊन परत आली की तो आपोआप सुरू होत नाही, बटण दाबण्याची वाट पाहत बसतो. तीन आठवड्यांनी मी परतलो तेव्हा चार्जर जोडलेलाच होता, पण बॅटरी १२.५ वर होती. दुसरे, फार खोल उतरलेली बॅटरी त्याला ओळखताच येत नाही आणि तो चार्जिंग सुरूच करत नाही. त्यावर ‘रिपेअर’ नावाची एक कळ आहे. तिने मी जुनी बॅटरी दोनदा चालवून पाहिली, व्होल्टेज १५.८ पर्यंत गेला, सेल्फ मारतानाचा आकडा मात्र ७.९ चा ८.१ झाला आणि तेवढ्यावरच थांबला. ही कळ वापरायचीच असेल तर बॅटरी गाडीतून काढून वापरावी, कारण एवढा व्होल्टेज ईसीयूने सोसावा अशी अपेक्षा करणे योग्य नाही. लिथियम बॅटरीला तर ही कळ मुळीच लावू नये. तिला तिचाच चार्जर लागतो आणि वर दिलेले व्होल्टेजचे आकडेही तिला लागू नाहीत.

पाण्याची बॅटरी असणाऱ्यांनी या सगळ्याच्या जोडीला महिन्यातून एकदा पातळी पाहावी आणि केवळ डिस्टिल्ड वॉटर, तेही वरच्या रेषेपर्यंतच, घालावे. प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर पाणी चार्जिंगनंतर घालणे बरे, कारण भरताना पातळी वर चढते.

ज्यांची गाडी रोज तासभर धावते त्यांनी चार्जर घेऊ नये, त्यांचे काम मीटर आणि वहीवर भागेल. गाडी उभी राहणाऱ्यांनी चार्जर अवश्य घ्यावा, पण घेण्याआधी त्याचा प्लग एकदा काढून पुन्हा लावून पाहावा आणि तो स्वतःहून पुन्हा सुरू होतो का, याची खात्री करून घ्यावी. या पंधरवड्याची माझी नोंद विसाव्याला १२.८८ आणि सेल्फ मारताना १०.७ अशी आहे.