सोलापूर रोडची फर्नवाली नर्सरी: झाडं एक नंबर, सल्ले मात्र माळीकाकांकडूनच घ्या

ज्यांच्या गॅलरीत ऊनच येत नाही त्यांनी इथे एक चक्कर माराच. पुण्याहून जाताना उरुळी कांचनच्या अलीकडे, रोडला लागूनच आहे, मागे हिरव्या शेडनेटखाली सगळे फर्न ठेवलेत. मी बर्ड्स नेस्ट फर्न घेतलं, आठ इंची कुंडीतलं, ३५० ला, सिटीत यालाच डबल सांगतात. पानं चकचकीत, गाभा (पानांच्या मधला खोलगट भाग) स्वच्छ. घेताना गाभाच बघायचा, कारण नवीन पानं सगळी तिथूनच गुंडाळलेली वर येतात, तो मऊ आणि काळा पडला असेल तर झाड गेलंच समजा.

काउंटरवरचा मुलगा म्हणे रोज वरून मस्त पाणी घाला, पावसातलं झाड आहे. अजिबात नको! मधे पाणी साचून गाभा कुजतो, कुंडीच्या कडेकडेने घालायचं, तेही वरची माती सुकत आली की.

खरा माणूस म्हणजे तिथले माळीकाका. एक ताई झाड परत घेऊन आल्या होत्या, पानांखाली कीड झालीय म्हणून. काकांनी पान उलटं करून दाखवलं, मधल्या शिरेपासून दोन्हीकडे तिरप्या, एकसारख्या तपकिरी रेघा. "हे बी आहे ताई याचं, पुसू नका." म्हणजे बीजाणू, बीसारखी बारीक पूड, जिच्यातून नवीन फर्न उगवतं. वेड्यावाकड्या कुठेही चिकटलेल्या, नखाने निघणाऱ्या पुटकुळ्या दिसल्या तर ती खवले कीड, ती ओल्या कपड्याने पुसून काढायची.

एक स्टार कापला तो मातीसाठी. हे मूळचं झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारं, वरून पडणारा पालापाचोळा अडवून त्यावर जगणारं, आणि यांनी दिलीय चिकट लाल माती! घरी आणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कोळशाचे तुकडे आणि पानांचं खत घालून भुसभुशीत केली, तेव्हा कुठे पाणी नीट निथळायला लागलं.

उत्तरेची किंवा सकाळचंच कोवळं ऊन येणारी खिडकी बेस्ट, दुपारच्या उन्हात पानं करपतात. एप्रिल-मेमधे पुण्याची हवा इतकी कोरडी होते की टोकं वाळणारच, तेव्हा चार कुंड्या जवळजवळ ठेवा आणि खाली खडे-पाण्याचा ट्रे, फॅनखाली तर नकोच. खत पावसाळ्यात, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं.

जीपे चालतं. रविवारी जाऊ नका, पार्किंगची बोंब आहे आणि काकांना बोलायला वेळ नसतो.